आज्जीचे नवग्रह नऊ, पुस्तकातले आठ, लेकीला काय सांगू?

यवतेश्वरची वाट (सातारा)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल पण वाचा, दोन दिवस हे डोक्यातून जात नाहीये. संक्रांत झाल्यावर आमच्या नव्या घराची वास्तुशांत केली. गुरुजींनी पाटावर तांदूळ पसरून नवग्रहांच्या नऊ सुपाऱ्या मांडल्या आणि माझी लेक, चौथीत आहे, शेजारी बसून बोटांवर मोजत होती, ती एकदम मोठ्यानं म्हणाली, "गुरुजी एक जास्त झाली, ग्रह आठच असतात." सगळे हसले. वाईट मनानं कुणी नाही हसलं, पण पोरगी गप्पच झाली, पुरणपोळी तशीच ताटात ठेवून उठली. रात्री अंथरुणात विचारते, आई खरं कोण, आज्जीचे नऊ का बाईंचे आठ? आणि नवव्याला कुणी काढलं?

मी म्हटलं प्लुटोला काढलं. का काढलं? लहान होता म्हणून. तर म्हणते बुधपण लहानच आहे की. इथं माझं गाडं अडलं. मग मोबाईलवर शोधलं तर ग्रह ठरायच्या तीन अटी मिळाल्या, त्यातली तिसरी 'आपल्या कक्षेचा परिसर साफ केलेला असावा' अशी. ती वाचून दाखवली तर डोळे मोठे करून म्हणाली, म्हणजे प्लुटोनं झाडलं नाही म्हणून त्याला काढलं?

मला तिला काहीतरी सांगून गप्प बसवायचं नाहीये. नऊ वर्षाच्या पोरीला कळेल आणि खरंपण असेल असं कुणी सांगेल का?

हरिपूरकर (सांगली)

ताई, आमच्या घरात पण हाच घोळ. आम्ही शाळेत नऊ पाठ केले, पोरगं आठ म्हणतंय. धागा वाचतोय, जाणकारांनी लिहा.

माहुलीकर (सातारा)

ताई, आधी लेकीला सांगा की तिचं मोजणं चुकलं नव्हतं. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण सुपाऱ्या मोजून प्रश्न विचारणारी पोरं फार थोडी भेटली.

आता आज्जीचे नऊ. ते कोणते हे तिलाच म्हणायला लावा. रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू. यात प्लुटो कुठंच नाही. यात पृथ्वीपण नाही! शाळेतल्या जुन्या नऊ ग्रहांचा आणि या नऊंचा आकडा तेवढा जुळतो, बाकी दोन्ही याद्यांत सामाईक पाचच, बुध शुक्र मंगळ गुरू शनी. म्हणजे प्लुटो गेल्यामुळं आज्जीची एकही सुपारी कमी होत नाही.

हे असं का, तर जुन्या लोकांनी ग्रह कशाला म्हटलं ते बघा. रात्री तारे एकमेकांना धरून असतात, सप्तर्षी हजार वर्षांपूर्वी होते तसेच आज दिसतात. पण काही दिवे त्यांच्यामधून सरकत जातात, आज या नक्षत्रात तर काही महिन्यांनी दुसऱ्याच. हे सरकणारे म्हणजे ग्रह. ग्रीक लोकांनीसुद्धा त्यांना भटके अशा अर्थाचाच शब्द दिला, त्यावरूनच प्लॅनेट आलं. त्या हिशोबात सूर्य सरकतो, चंद्र सरकतो, मग तेही ग्रह. आणि आपण ज्या जमिनीवर उभं राहून बघतोय ती सरकताना दिसतच नाही, मग ती ग्रह कशी असेल? राहू केतू हे चंद्राची वाट आणि सूर्याची वाट जिथं एकमेकींना छेदतात ते दोन बिंदू, ग्रहणं त्यांच्याजवळच होतात म्हणून त्यांना मान. डोळ्यांनी बघून केलेली ही यादी तिच्या जागी एकदम पक्की आहे.

मग कोपर्निकसचं पुस्तक १५४३ मध्ये आलं, त्यानं सूर्य मधोमध ठेवला. हे लोकांना पटायला पुढं कितीतरी वर्षं लागली, पण पटलं तेव्हा ग्रह या शब्दाचा अर्थच बदलला. आता ग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा. सूर्य यादीतून बाहेर, पृथ्वी आत, चंद्र पृथ्वीभोवती फिरतो म्हणून तो उपग्रह. आकाशात काडी हलली नाही, यादी मात्र बदलली. प्लुटोचं जे झालं ते त्यामुळं पहिल्यांदा झालेलं नाही हे पोरीला जरूर सांगा.

यवतेश्वरची वाट

सर, काय सांगू, हे वाचून दाखवल्यावर ती आज्जीकडं पळत गेली आणि म्हणाली तुझे पण बरोबर आहेत गं. आज्जी खूश. पण प्रश्न संपले नाहीत. आता म्हणते सूर्याभोवती फिरतो तो ग्रह ना, मग प्लुटो फिरतोच की. शिवाय दुसऱ्या अटीत गोल असावा म्हणतात, ते गोल का लागतं, चौकोनी ग्रह का नसतो.

कासचा ढग (सातारा)

ताई मी कासच्या रस्त्याला दुर्बीण घेऊन जात असतो, माझ्या आवडीचा विषय निघाला म्हणून लिहितोय, थोडं मोठं होईल.

गोल का? घराचं बांधकाम आत्ताच झालंय ना, मग वाळूचा ढीग तिनं बघितलाच असेल. वरून वाळू ओतत राहा, ढीग ठरावीक चढापर्यंतच उभा राहतो, पुढं घसरतो. पृथ्वी त्याला खाली ओढते म्हणून. आता दगडाचं पण तसंच आहे फक्त तो लई चिवट, लवकर हरत नाही. छोट्या दगडाची स्वतःची ओढ एवढी कमी असते की तो वाकडातिकडा राहिला तरी त्याला गोल करणारं कुणी नाही, म्हणून बहुतेक लघुग्रह बटाट्यासारखे दिसतात. पण तोच गोळा शेकडो किलोमीटरचा झाला की त्याची ओढ दगडालाही ऐकत नाही, सगळ्या बाजूंनी सगळं मध्याकडं खेचते, उंच असेल ते खाली बसतं आणि गोल तयार होतो. एका बाजूनं ओढ असली की ढीग, सगळ्या बाजूंनी असली की लाडू. चौकोनी ग्रहाचे कोपरे म्हणजे हजारो किलोमीटरचे डोंगर, ते टिकणारच नाहीत.

आता सूर्याभोवती फिरतो आणि गोल आहे, या दोन्ही अटी प्लुटो पास. तिसरी कशाला आणली ते कळायला तिला सेरेसची गोष्ट सांगा, ही मला प्लुटोपेक्षा जास्त आवडते.

१ जानेवारी १८०१, इटलीत पालेर्मोला पियात्सी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला एक सरकणारा ठिपका दिसला. मंगळ आणि गुरूच्या मध्ये. नवा ग्रह सापडला म्हणून सगळीकडं आनंद, नाव सेरेस. पुढच्या वर्षी जवळपास तिथंच दुसरा, पॅलास. १८०४ ला जुनो, १८०७ ला वेस्टा. तेव्हाच्या पुस्तकांत ग्रह अकरा होते! पोरं अकरा पाठ करत होती. मग १८४५ पासून अजून सापडायला लागले, एक झाला दोन झाले, थांबेचनात. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की हे सुटे सुटे ग्रह नाहीत, हा एक अख्खा पट्टा आहे आणि सेरेस त्यातला सगळ्यात मोठा दगड. त्यांना लघुग्रह म्हणायला लागले. सेरेस चाळीसएक वर्षं ग्रह होता आणि मग नव्हता.

प्लुटोचं डिट्टो तेच झालं, फक्त वेळ जास्त लागला. क्लाइड टॉमबॉ म्हणून शेतकऱ्याचा पोरगा होता, वय २४, अमेरिकेत अॅरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत कामाला. त्याचं काम काय तर आकाशाच्या एकाच तुकड्याचे काही दिवसांच्या अंतरानं दोन फोटो काढायचे आणि यंत्रात आलटून पालटून बघायचे, हजारो ठिपक्यांतला कुठला हलला ते. पेपरात दोन चित्रांतला फरक ओळखा येतं ना, तसंच. १८ फेब्रुवारी १९३० ला त्याला हललेला ठिपका सापडला. नाव मात्र इंग्लंडमधल्या अकरा वर्षाच्या पोरीनं सुचवलं, व्हेनेशिया बर्नी, नाश्त्याच्या टेबलावर आजोबांनी बातमी वाचून दाखवली आणि ती म्हणाली प्लुटो ठेवा. लेकीला हे नक्की सांगा.

मग १९९२ ला त्या भागात अजून एक सापडला, ज्युइट आणि लू या दोघांनी शोधला. मग धडाधड. आता नेपच्यूनच्या पलीकडच्या त्या पट्ट्याला कायपर पट्टा म्हणतात. आणि २००५ मध्ये माइक ब्राउन आणि त्याच्या जोडीदारांनी एरिस शोधला तेव्हा तो प्लुटोपेक्षा मोठा वाटत होता. पुढं नीट मोजल्यावर आकारानं किंचित लहान भरला, पण वजनानं प्लुटोच्या जवळजवळ सव्वापट. आता काय करायचं? प्लुटो ग्रह तर एरिस का नाही? एरिसला घेतलं तर पुढच्याला का नाही?

म्हणून ऑगस्ट २००६ ला प्राग शहरात खगोलशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना जमली. आधी तर बारा ग्रहांचा प्रस्ताव होता, सेरेस, एरिस आणि प्लुटोचा जोडीदार शॅरन यांना धरून. तो आठवडाभरात बारगळला. २४ तारखेला पिवळी कार्डं वर करून मतं दिली आणि तीन अटींची व्याख्या पास झाली. सूर्याभोवती फिरणं, स्वतःच्या ओढीनं गोल होणं, आणि आपल्या वाटेच्या आसपासचा परिसर मोकळा करणं. पहिल्या दोन पास आणि तिसरीत नापास ते बटुग्रह. सध्या असे पाच आहेत, सेरेस, प्लुटो, एरिस, हौमिया, माकेमाके. त्यात सेरेसला बढती मिळाली बघा, लघुग्रहाचा बटुग्रह झाला.

हरिपूरकर

कासचा ढग, लई भारी लिहिलंय. तिसऱ्या अटीचं मला शेतातलं सुचतंय, चुकत असेल तर सरांनी सांगावं.

आमच्या बांधावर जुना वड आहे. आत्ता रानात ज्वारी उभी आहे पण वडाच्या भोवती बघा, ताटच धरत नाही, अर्धा गुंठा मोकळा. वडानं काय झाडू घेतला नाही. ऊन तोच खातो, पाणी तोच पितो, दुसऱ्याला जागा राहत नाही. आणि सप्टेंबरात कासला जावा, तिथं फुलंच फुलं, एखादं हातभर उंच असेल एखादं बोटभर, पण कुणी कुणाला हटवत नाही. प्लुटो म्हणजे कासवरचं उंच फूल आणि पृथ्वी म्हणजे वड. फूल वाईट नसतंय, पण त्याला झाड म्हणता येत नाही, एवढंच.

माहुलीकर

हरिपूरकर, चुकत नाही, मला वर्गात हे सुचलं असतं तर किती बरं झालं असतं. फक्त पोरीला साफ करणं म्हणजे काय तेही सांगू. मोठा ग्रह वाटेतला माल तीन प्रकारांनी हटवतो. काही ओढून स्वतःत घेतो, काही जवळून जाताना लांब भिरकावून देतो, आणि जे उरतं त्याला आपल्या तालावर फिरायला लावतो. गुरूच्या वाटेवर पुढं आणि मागं हजारो लघुग्रह आहेत, पण ते गुरूनंच धरून ठेवलेत, म्हणून तो नापास होत नाही.

यात आकडेही स्पष्ट बोलतात. पृथ्वीच्या वाटेवर जे काही इतर दगडधोंडे येतात त्या सगळ्यांचं वजन एकत्र केलं तरी पृथ्वी त्याच्या सतरा लाख पटीच्या आसपास भरते. प्लुटोचं उलटं, त्याच्या वाटेवरचा बाकीचा मालच त्याच्या चौदा पटीच्या घरात जातो. वड आणि फूल यांच्यात मध्ये कुठं रेघ मारायची असा प्रश्न इथं पडतच नाही, एवढं मोठं अंतर आहे. बुध लहान असूनही का पास झाला याचं उत्तरही हेच. आकारानं तर गुरूचा चंद्र गॅनिमीड बुधापेक्षा मोठा आहे. ग्रह ठरतो तो त्याच्या गल्लीत त्याचं किती चालतं यावर.

मिरजेचा तंबोरा (मिरज)

मध्येच विचारतो. माझ्या भाच्यानं शंका काढली, प्लुटो नेपच्यूनची वाट ओलांडून आत येतो म्हणतात. मग नेपच्यूनची वाट तरी मोकळी कुठं आहे? त्यालापण काढा.

कासचा ढग

भाच्याला माझ्याकडून कंदी पेढे. एक नंबर शंका. हो, १९७९ ते १९९९ प्लुटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. पण दोघांची गाठ कधीच पडत नाही. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लुटोच्या बरोबर दोन, आणि प्लुटो वाट ओलांडायला येतो तेव्हा नेपच्यून नेहमी लांब असतो. वर प्लुटोची वाट १७ अंशांनी तिरकी आहे. तुमच्या नावात तंबोरा आहे म्हणून सांगतो, हे तालात बसल्यासारखं आहे, सम कुठं यायची ते नेपच्यून ठरवतो. त्याचं वजन प्लुटोच्या सात हजार पटीहून जास्त. सर म्हणाले तो तिसरा प्रकार हाच, आपल्या तालावर फिरवणं.

वाईची माहेरवाशीण (सातारा)

सगळं छान लिहिलंय पण एक बाजू राहतेय. हा निकाल सगळ्या शास्त्रज्ञांना मान्य नाही. प्रागला जगभरातले हजारो सभासद असताना मतं दिली चारशेच्या वर थोड्या जणांनी. अॅलन स्टर्न, प्लुटोकडं यान पाठवणाऱ्या मोहिमेचे प्रमुख, ते आजही प्लुटोला ग्रहच म्हणतात. त्यांचं म्हणणं, शेजारी कोण आहेत यावरून कशाला ठरवता, ती वस्तू स्वतः कशी आहे ते बघा. २०१५ च्या १४ जुलैला न्यू होरायझन्स यान जवळून गेलं तेव्हा काय दिसलं, नायट्रोजनच्या बर्फाचं हृदयाच्या आकाराचं पांढरंशुभ्र मैदान, पाण्याच्या बर्फाचे डोंगर, निळसर धुकं. मेलेला दगड वाटला होता, निघालं एक अख्खं जग. त्याच यानात टॉमबॉच्या थोड्या अस्थी होत्या, हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मला स्वतःला स्टर्न यांचं पटतं. लेकीला आठ सांगा, पण भांडण चालू आहे हेही सांगा.

माहुलीकर

ताई, तुमचं अगदी योग्य आहे, हे सांगायलाच हवं. माझं मत मात्र तिसऱ्या अटीच्या बाजूनं आहे. प्रश्न काय विचारतो त्यावर आहे हे. दगड बर्फ डोंगर यांचा अभ्यास करणाऱ्याला प्लुटो आणि मंगळ शेजारी ठेवावेसे वाटणार, कारण दोन्हीकडं भूगोल आहे. सूर्यमाला कशी बनली, कुणी कुणाला हलवलं हे विचारणाऱ्याला आठ मोठे वेगळे दिसणार. आपण फळं आणि भाज्या वेगळ्या करतो तेव्हा टोमॅटोचं असंच होतं, वनस्पतिशास्त्र त्याला फळ म्हणतं आणि मंडईत तो भाजीत बसतो.

आणि व्याख्या फक्त आपल्या सूर्यासाठी आहे हेही लक्षात ठेवा. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे पाच हजारांच्या वर ग्रह सापडलेत, त्यांना ती जशीच्या तशी लागू नाही. काम अजून व्हायचंय, ताईंच्या लेकीच्या पिढीसाठी ठेवलंय म्हणा.

हरिपूरकर

पंचांगात हर्षल लिहितात तो कोण मग?

माहुलीकर

तो युरेनस. विल्यम हर्शेलनं १७८१ ला शोधला, त्याच्या नावाचं आपल्याकडं हर्षल झालं. त्याला स्वतःला आधी तो धूमकेतू वाटला होता.

यवतेश्वरची वाट

मंडळी, परवा रविवारी एक प्रयोग केला, आज निवांत लिहितेय. कासचा ढग यांनी मला वेगळं सांगितलं होतं की एक मिलिमीटर म्हणजे हजार किलोमीटर धरा आणि स्वयंपाकघरात शोधा. तसं केलं. गच्चीवर लेकीनं रांगोळीनं सूर्य काढला, एक मीटर चाळीस सेंटिमीटरचा, तिच्यापेक्षा थोडाच मोठा, ती त्यात झोपून बघत होती मावते का. मग गुरू म्हणून छोटं कलिंगड, शनी सोललेला नारळ, युरेनस नेपच्यून दोन मोठी लिंबं. पृथ्वी आणि शुक्राला संक्रांतीची उरलेली बोरं, त्यातली बारकी निवडून, पट्टी लावून, सव्वा सेंटिमीटर. मंगळाला वाळलेला वाटाणा. बुधाला मिसळणाच्या डब्यातला धना. आपला चंद्र मुगाचा दाणा झाला, साडेतीन मिलिमीटर.

नुसते आकार मांडले, अंतरं नाहीत. या मापानं पृथ्वीचं बोर सूर्यापासून दीडशे मीटरवर जातं आणि प्लुटो सहा किलोमीटरवर, म्हणजे घरून पार माहुलीच्या आसपास. हे ऐकून ती कठड्याला टेकून बराच वेळ माहुलीच्या दिशेला बघत होती.

मग प्लुटो. २४०० किलोमीटरला थोडा कमी, म्हणजे मोहरी. मिसळणाच्या डब्यातून एक मोहरी काढायला गेली, चिमटीत दहापंधरा आल्या. परत प्रयत्न, परत चार चिकटल्या. वाटीत बघत राहिली आणि म्हणाली, आई मोहरी एकटी नसतेच. मी काहीच बोलले नाही. ती म्हणाली, धना पण वाटीत खूप असतात पण बुध त्याच्या वाटीत एकटा आहे, आणि प्लुटोची वाटी ही अशी भरलेली आहे, म्हणून ना?

मी खरंच सांगते, मला ते तेव्हा कळलं. इतक्या दिवसांत वाचून नव्हतं कळलं.

सेरेससाठी खसखस आणली. ती वाऱ्यानं उडाली, सापडली नाही. एरिसला दुसरी मोहरी दिली आणि प्लुटोच्या शेजारी ठेवली, त्याला सोबत म्हणून. आज्जी वर आली होती बघायला, तिनं विचारलं माझा चंद्र कुठाय, तर लेकीनं मुगाचा दाणा बोराशेजारून उचलून तिच्या तळहातावर ठेवला. आज्जी म्हणाली राहू केतू कुठं ठेवलेस? लेक म्हणाली ते दिसत नाहीत, ते रेघा जिथं छेदतात तिथं असतात, थांब काढते. आणि रांगोळीचा डबा घेऊन परत बसली.

वाईच्या ताई, तुमच्या प्लुटोचं हृदय तिला मोबाईलवर दाखवलं. आता तिला त्याचं चित्र काढायचंय, पांढरा खडू संपलाय म्हणून उद्या राजवाड्याला जायचंय आम्हाला.

कासचा ढग

ताई, अमावास्येला कासला येताय का पोरीला घेऊन? प्लुटो नाही दिसणार, त्याला लई मोठी दुर्बीण लागते. पण गुरू आणि त्याचे चार चंद्र दाखवतो, त्यात तो बुधापेक्षा मोठा गॅनिमीडपण आहे. जाड स्वेटर आणा, वर गार वारं असतंय.

यवतेश्वरची वाट

येतो. आज्जीपण येणार म्हणते.